घास कुठे अडतो, हे दाखवणारे कॅनन

गिळलेला घास अन्ननलिकेतून पोटात कसा उतरतो, हे शरीर न उघडता पाहण्याची सोय १८९५ पर्यंत डॉक्टरांकडे नव्हती. त्या वर्षाअखेरीस रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले. हाडे दिसू लागली, पण अन्ननलिका मऊ असल्याने तिची ठळक सावली पडत नसे. हा अडसर दूर करणाऱ्यांत वॉल्टर कॅनन यांचे नाव अग्रभागी आहे.

कॅनन यांचा जन्म १८७१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. ते दहा वर्षांचे असताना आई न्यूमोनियाने गेली. १८९६ मध्ये ते हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले. पहिल्याच वर्षी त्यांचे प्राध्यापक हेन्री बाउडिच यांनी त्यांना क्ष-किरणांच्या साहाय्याने गिळण्याची क्रिया अभ्यासायला सुचवले. अल्बर्ट मोझर हा सहाध्यायी सोबतीला होता. हंसाची मान लांब, म्हणून त्यांनी हंस निवडला. किरण अडवणारे बिस्मथ खाद्यात मिसळून त्याला भरवले, आणि घासाची काळी सावली मानेतून खाली सरकताना पडद्यावर दिसली. पुढे मांजराच्या जठराची हालचाल पाहताना त्यांच्या लक्षात आले, की मांजर घाबरले किंवा चिडले की ती थांबते. या निरीक्षणातून भावना आणि शरीर यांचा संबंध उलगडणारे त्यांचे आयुष्यभराचे संशोधन सुरू झाले. संकटात ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची प्रतिक्रिया त्यांनीच मांडली. शरीर आपला अंतर्गत समतोल राखते, या कल्पनेला ‘होमिओस्टॅसिस’ हे नावही त्यांनीच दिले.

बिस्मथच्या क्षारातून विषबाधा होऊ लागल्याने १९१० च्या सुमारास त्याची जागा बेरियम सल्फेटने घेतली. आजची ‘बेरियम स्वॅलो’ तपासणी ती हीच.

अन्ननलिका जन्मतःच अरुंद असणाऱ्यांना या तपासणीचा मोठा उपयोग होतो. हा दोष दुर्मीळ आहे. तीव्र असेल तर तान्हेपणीच कळतो; सौम्य असेल तर तिशी-चाळिशी उलटेपर्यंत लपून राहतो. अशी व्यक्ती लहानपणापासून सावकाश जेवते, प्रत्येक घासाबरोबर पाणी पिते, मटणाचा तुकडा अडकला की पानावरून उठते. घरचे म्हणतात, सवयच आहे! बेरियमच्या चित्रात मात्र अन्ननलिकेचा अरुंद भाग आणि त्यावर बांगड्या रचल्यासारखी वळी दिसतात. सौम्य अरुंदपणा दुर्बिणीच्या तपासणीत निसटू शकतो. बेरियममध्ये त्याची लांबी-रुंदी मोजता येते. तरीही दुर्बिणीने तुकडा काढून तपासणे आवश्यक असते, कारण ॲलर्जीशी निगडित दाहातही अशीच वळी दिसतात आणि त्याचे उपचार वेगळे असतात. जन्मजात अरुंद भाग फुग्याने हळूहळू रुंदावतात. घाई केल्यास अन्ननलिका फाटण्याची भीती असते.

कॅनन यांनी या प्रयोगांची किंमत मोजली. किरणांचे धोके तेव्हा पुरेसे ठाऊक नव्हते आणि ते संरक्षणाविना पडद्यासमोर तासन्‌तास काम करत. उतारवयात असह्य खाज आणि त्वचेच्या गंभीर आजाराने त्यांना छळले. त्याचा संबंध जुन्या किरणांशी जोडला गेला. तरीही १९४२ पर्यंत ते हार्वर्डमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज ही तपासणी बहुतेक मोठ्या रुग्णालयांत होते. वर्षानुवर्षे घास अडकत असेल, तर ती सवय समजून सोडून देऊ नये.