ध्रुवप्रकाशाचा शोधक

उत्तर ध्रुवानजीकच्या देशांत हिवाळ्याच्या दीर्घ रात्री आकाशात हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलावताना दिसतात. यालाच ध्रुवप्रकाश म्हणतात. हा प्रकाश येतो कोठून, या एका प्रश्नापायी नॉर्वेचे क्रिस्तियान बिर्केलंड यांनी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १८६७ साली, आज ऑस्लो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरात झाला. १८९८ मध्ये ते तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. परंतु आकाशातील कोडे खोलीत बसून उलगडणार कसे? पुढच्याच वर्षी त्यांनी देशाच्या उत्तर टोकाजवळ, हाल्दे पर्वताच्या सुमारे ९०० मीटर उंच शिखरावर दगडी वेधशाळा उभारली. तेथील वादळे भयंकर. त्या मोहिमेत त्यांचा एक तरुण सहकारी हिमलोटात सापडून प्राणास मुकला. तरीही वेध घेण्याचे काम थांबले नाही.

सूर्यापासून विद्युत्भारित कण निघतात, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळविते आणि तेथील विरळ हवेवर ते आदळले की ती उजळते, असे बिर्केलंड यांचे मत झाले. ते पडताळण्यासाठी त्यांनी एक छोटी पृथ्वीच बनविली! काचेच्या पेटीतील बहुतेक हवा काढून घेऊन तीत एक गोळा टांगला. गोळ्याच्या पोटात विद्युच्चुंबक होता. विद्युत्कणांचा झोत सोडताच गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची वलये उमटली.

अशा प्रयोगांस पैसा लागे. त्यासाठी त्यांनी विजेच्या बळावर गोळा फेकणारी तोफ तयार केली. १९०३ साली प्रतिष्ठितांसमोर तिचा प्रयोग झाला, तेव्हा कडाडून मोठी विद्युत्ज्वाला भडकली आणि पाहुण्यांची तारांबळ उडाली. फजिती झाली खरी. पण तशाच ज्वालेने हवेतील नायट्रोजनपासून खत करण्याची युक्ती त्यांनी साम एइदे या अभियंत्याबरोबर साधली. १९०५ साली त्यातून मोठा कारखानदारी उद्योग उभा राहिला.

अवकाश रिकामे नसून विद्युत्भारित कणांनी भरलेले आहे आणि त्यातून विजेचे प्रवाह पृथ्वीकडे येतात, हे त्यांचे म्हणणे मात्र अनेक विद्वानांस पटेना. पुढे ते इजिप्तमध्ये राहून, आकाशातील धुळीवर सूर्यप्रकाश पडल्याने दिसणाऱ्या राशिप्रकाशाचा अभ्यास करीत होते. पहिले महायुद्ध चालू असल्याने ते जपानमार्गे मायदेशी निघाले. परंतु १५ जून १९१७ रोजी टोकियो येथे, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

ज्या प्रवाहांस आज बिर्केलंड-प्रवाह म्हणतात, ते कृत्रिम उपग्रहांवरील चुंबकमापकांनी प्रत्यक्ष टिपले, तेव्हा या गोष्टीस सुमारे अर्धशतक लोटले होते.