हिमकणांचा जमाखर्च

आपल्या बेळगावात बर्फ पडत नाही. वळवाच्या पावसात कधी चार गारा पडल्या तर पोरे त्या वेचायला अंगणात धावतात, आणि घरात आईला दाखवीपर्यंत मुठीत नुसते पाणी उरते. पाणी होण्यापूर्वीचे ते रूप टिपून ठेवण्यात एका शेतकऱ्याने सारे आयुष्य वेचले. त्याचे नाव विल्सन बेंटले.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, जेरिको या गावी ९ फेब्रुवारी १८६५ रोजी त्याचा जन्म झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. त्याचे बहुतेक शिक्षण तिनेच घरी केले. पंधराव्या वर्षी तिने आपले जुने सूक्ष्मदर्शक यंत्र त्याला दिले. भिंगाखाली हिमकण धरताच मुलगा थक्क झाला. पांढरा भुगा म्हणून आपण जो पायाखाली तुडवतो, त्याच्या कणाकणात सहा पाकळ्यांची रांगोळी! तो चित्रे काढू लागला, पण चित्र पुरे होण्याआधीच कण विरघळून जाई.

मग कॅमेरा हवा झाला. वडिलांना हे सारे खूळ वाटे. तरी आईच्या शब्दाखातर त्यांनी सुमारे शंभर डॉलर मोजले. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नव्हती. बऱ्याच खटपटीनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचे पहिले छायाचित्र साधले. विसावे वर्ष पुरे व्हायला तेव्हा महिना बाकी होता. वीस वर्षांच्या मला ही तारीख विसरता येत नाही.

त्याची रीत साधी होती. बर्फ पडताना काळी फळी बाहेर धरायची, हवा तो कण काडीने उचलून काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच बसवायचा आणि श्वास रोखून छायाचित्र घ्यायचे. हे सारे शेकोटीवाचून, गारठलेल्या खोपटात. अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने घेतली. त्यांत तंतोतंत सारखे दोन कण त्याला आढळले नाहीत. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी रचनेत बसतात, म्हणून बाजू सहा. परंतु ढगातून उतरताना प्रत्येक कणाला वेगळी थंडी, वेगळा ओलावा भेटतो, म्हणून नक्षी निराळी.

पावसालाही त्याने सोडले नाही. परातीत पीठ पसरून तो ती क्षणभर पावसात धरी. थेंबागणिक पिठाची गोळी बने आणि तिच्यावरून थेंबाचे माप निघे!

आता वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शोभेल असा प्रश्न विचारतो : यात मिळाले काय? एका चित्रामागे अवघे पाच सेंट. पोट भरे ते शेतीवर. शेजारी त्याला विक्षिप्त समजत. जर्मनीतील हवामानशास्त्रज्ञ हेलमान यांनी तर त्याच्या सचोटीवरच बोट ठेवले. पार्श्वभूमी काळी दिसावी म्हणून बेंटले नकलेच्या काचेवर कणाभोवतीचा भाग खरवडून काढी. शिवाय तो सुबक कणच निवडी. प्रत्यक्षात बहुतेक हिमकण वेडेवाकडे वा मोडके असतात. हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. सौंदर्याच्या ओढीने त्याने हिशेबाची एकच बाजू जगापुढे मांडली. पण ती बाजू त्याच्यापूर्वी इतक्या चिकाटीने कोणी मांडली होती?

१९३१ साली हंफ्रीज या शास्त्रज्ञाच्या साह्याने त्याचा ग्रंथ निघाला. त्यात दोन हजार चारशेहून अधिक चित्रे होती. त्याच डिसेंबरात हिमवादळातून पायी घरी आल्यावर त्याला न्युमोनिया झाला, आणि २३ तारखेला त्याच घरात त्याचे निधन झाले. त्याने लग्न केले नव्हते.

पैशाच्या वहीत हा धंदा तोट्याचाच ठरेल. मात्र त्याच्याविषयी वाचल्यापासून पाऊस सुरू झाला की मी छत्री उघडण्याआधी तळहात पुढे करतो आणि थेंब लहान की मोठा, ते पाहतो.