चिमाजी अप्पा आणि वसईचा वेढा

मुलुंडाहून उत्तरेस थोडें चाललें कीं ठाणें लागतें. ही सर्व भूमि साष्टी बेटाची. आज आगगाडीनें जाणाऱ्याच्या मनांतहि येत नाहीं, परंतु येथें सुमारें दोनशें वर्षें पोर्तुगीजांचा अंमल होता. तो ज्यांनीं उठविला ते चिमाजी अप्पा बाळाजी विश्वनाथांचे पुत्र व पहिल्या बाजीरावांचे धाकटे बंधु. प्रकृति नाजूक, थोरल्या बंधूंची कीर्ति एवढी कीं यांचें नांव बहुधा तिच्या छायेंतच राहतें.

या युद्धाचें कारण, प्रिय वाचकहो, आपण ख्रिस्ती लोकांनीं झांकून ठेवूं नये. पोर्तुगीज अधिकारी व त्यांचे पाद्री यांनीं या प्रांतांत देवळें पाडलीं, हिंदूंचे उघड धर्मविधि बंद केले, पोरकीं मुलें नातलगांपासून काढून त्यांस बाप्तिस्मा दिला. मालाडचे अंताजी रघुनाथ, अंजूरचे गंगाजी नाईक असे वतनदार हीं गाऱ्हाणीं घेऊन पेशव्यांकडे गेले. तीं खोटीं नव्हतीं.

१७३७ च्या मार्चांत ठाणें पडलें व साष्टी मराठ्यांकडे गेली. वसई मात्र राहिली. १७३९ चें साल सर्व देशास कठीण गेलें. मार्चांत नादिरशहानें दिल्लींत कत्तल करून मयूरासन लुटलें. इकडे अप्पांनीं वसईचा वेढा सोडला नाहीं. जानेवारींतच तारापूर घेतांना बाजी भिवराव हा जिवाभावाचा सरदार पडला होता. वसईच्या किल्ल्यास तीन बाजूंनीं समुद्र, खाडी व दलदल. वाळूंतून मोर्चे खणीत तटापर्यंत जावें लागे. कांहीं सुरुंग वेळेवर उडाले नाहींत, मागाहून उडाले, आणि चढणारे मराठेच त्यांत मेले. आंतल्यांनीं मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरला. चर्चांतील चांदीचीं भांडीं व पितळी तोफा गहाण ठेवून १५,००० रुपये मिळाले! ख्रिस्ती शेजाऱ्यास दिलेली मदत ती अशी.

मेच्या आरंभींच्या शेवटच्या हल्ल्यांत दोन्ही बाजूंचे पुष्कळ लोक पडले, आणि १६ मे रोजीं किल्लेदारानें तह केला. इतक्या रक्तपातानंतर विजयी सैन्य काय करील याची धास्ती आंत होतीच. अप्पांनीं आठ दिवसांची मुदत दिली. सैनिकांनीं शस्त्रांसह, कुटुंबांनीं चीजवस्तूंसह निघून जावें. जे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक. २३ मे रोजीं पोर्तुगीज बाहेर पडले, आणि अप्पांनीं दिलेला शब्द पाळला. चर्चांच्या घंटा मात्र सरदारांनीं नेल्या. वाईजवळ मेणवलीस व भीमाशंकरास त्या आजहि टांगलेल्या दिसतात.

गोरे पाद्री गेले. गांवचे कोळी, कुणबी राहिले. त्यांचा पंथ आपला नव्हे, तरी त्यांची गोष्ट आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनीं ऐकण्याजोगी आहे. राजा परधर्मीय, बाहेरची मदत नाहीं, उपासना चालविणारे देशी पाद्रीच. १७६० सालीं अँकतिल द्यु पेराँ नांवाचा फ्रेंच प्रवासी साष्टींतून गेला, तेव्हां तेथील सण उघडपणें व गर्दीनें होत असलेले त्यानें पाहिले.

अप्पांस पुढें फार दिवस मिळाले नाहींत. १७४० च्या एप्रिलांत नर्मदातीरीं बाजीराव वारले. त्याच वर्षीं १७ डिसेंबर रोजीं पुण्यास अप्पाहि गेले. मागें दहा वर्षांचा पुत्र सदाशिव राहिला. तोच पुढें भाऊसाहेब म्हणून पानिपतावर पडला.