पहिल्या ‘असेंबल्ड’ संगणकाचे शिल्पकार

सीताबर्डीच्या गल्ल्यांमधील संगणकाच्या दुकानांत स्वतःचा पहिला संगणक जोडून घ्यायला आलेला नागपूरकर तरुण चटकन ओळखू येतो. हातात सुट्या भागांची यादी असते आणि मनात शंकांचे काहूर. प्रोसेसर कोणता घ्यावा, तो मदरबोर्डवर बसेल का, रॅम किती लागेल, एसएमपीएसला भार झेपेल का. आणि सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, बाजारात नुकताच आलेला महागडा भाग घ्यावा की वापरून सिद्ध झालेला जुना? सल्ला द्यायला निदान दुकानदार आणि चार मित्र तरी असतात.

सुमारे ७० वर्षांपूर्वी मुंबईत एका २८ वर्षांच्या तरुणासमोर नेमके हेच प्रश्न उभे होते. त्याच्यापाशी ना दुकान होते, ना सल्लागार. या तरुणाचे नाव रंगस्वामी नरसिंहन. भारतीय बनावटीचा पहिला सर्वोपयोगी इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक ‘टिफ्रॅक’ त्यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभा राहिला.

नरसिंहन यांचा जन्म १७ एप्रिल १९२६ रोजी चेन्नईचा. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्युत अभियांत्रिकी आणि पुढे इंडियाना विद्यापीठात गणिताची डॉक्टरेट, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. तारांची आणि गणिताची अशी दुहेरी जाण असलेली माणसे तेव्हा फार थोडी होती. १९५४ मध्ये ते मायदेशी परतले आणि डॉ. होमी भाभा यांच्या संस्थेत रुजू झाले.

अणुसंशोधनाला मोठ्या प्रमाणावर आकडेमोड लागणार, हे भाभांनी ओळखले होते. परदेशातून यंत्र विकत घेणे हा एक मार्ग होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याच सुमारास ब्रिटनमधून संगणक मागवला होता. त्याआधी १९५३ मध्ये याच संस्थेत समरेंद्र कुमार मित्र यांनी एक छोटा अॅनालॉग संगणक बांधला होता, हेही न्यायासाठी नोंदवले पाहिजे. पण अंकीय संगणक भारतात कोणी बांधलेला नव्हता. भाभांच्या संस्थेचा कल उपकरणे स्वतः घडवण्याकडे होता. परकीय चलनाची चणचण होतीच. संगणक येथेच बांधायचे ठरले आणि जबाबदारी नरसिंहन यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखालचा चमू लहानसा, नवख्या तरुणांचा. संगणक बांधणे दूरच, त्यांच्यापैकी कोणी तो वापरलेलाही नव्हता.

आराखड्याचा प्रश्न तुलनेने सोपा होता. प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमन यांच्या गटाने आपल्या संगणकाची रचना गुप्त न ठेवता अहवालांतून जगासमोर मांडली होती आणि अनेक देशांत त्या धर्तीची यंत्रे बांधली जात होती. मुंबईच्या चमूनेही तीच वाट धरली. खरा पेच पुढे होता, तो भागांचा.

गणन करणारे मंडल कशाचे असावे? रेडिओतून परिचित असलेले व्हॉल्व्ह आकाराने मोठे, तापणारे, वीज खाणारे आणि मध्येच निकामी होणारे. शेकड्यांनी लावले तर त्यांतला एखादा नेहमीच आजारी असणार. ट्रान्झिस्टर चिमुकला आणि थंड, पण १९५५ मध्ये तो महाग होता, त्याच्या गुणधर्मांत नगागणिक फरक पडे आणि भारतात तो मिळणे कठीण. नरसिंहन यांनी व्हॉल्व्ह निवडले. त्यांच्या दोषांची निदान माहिती होती आणि दुरुस्ती हाताशी होती.

स्मृतीच्या बाबतीत मात्र त्यांनी उलटा कौल दिला. तेव्हा या कामासाठी अनेक पर्याय होते. पाऱ्याच्या नळीतून ध्वनिलहरी फिरवत ठेवायच्या, तर हवी ती नोंद समोर येईपर्यंत वाट पाहावी लागे. प्रिन्स्टनच्या यंत्रात वापरलेली विल्यम्स नलिका, म्हणजे चित्रनलिकेच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके साठवणे, जलद होती. पण ठिपके पुसट होत आणि शेजारच्या ठिपक्यांशी त्यांची सरमिसळ होई. फिरता चुंबकी ढोल स्वस्त आणि ऐसपैस, पण मंद. चौथा पर्याय होता फेराइटच्या बारीक कड्यांचा. अमेरिकेत ‘व्हर्लविंड’ या संगणकात तो १९५३ मध्ये पहिल्यांदा यशस्वीपणे वापरला गेला होता. म्हणजे अवघ्या दोन वर्षांचे तंत्र. नरसिंहन यांनी तेच घेतले.

हे तंत्र समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येक कडे एक बिट साठवते. ते एका दिशेने चुंबकित असेल तर शून्य, उलट दिशेने असेल तर एक. कड्यांतून उभ्या आणि आडव्या तारा ओवलेल्या असतात. एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून निम्मा-निम्मा प्रवाह सोडला, की त्या दोन्ही तारा जेथे मिळतात तेवढेच कडे दिशा बदलते. बाकीच्या कड्यांना अर्धाच धक्का बसतो आणि ती जागची हलत नाहीत. यासाठी सर्व कडी गुणधर्माने तंतोतंत सारखी हवीत आणि प्रवाहही अचूक हवा. शिवाय नोंद वाचताच ती पुसली जाते, म्हणून लगेच पुन्हा लिहावी लागते. टिफ्रॅकमध्ये अखेरीस ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत होते. म्हणजे ८१,९२० बिट. आजच्या हिशेबात १० केबी. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्यात बसणार नाही. पण वीज गेली तरी कड्यांतील माहिती टिकून राहत असे, आणि हे आजच्या रॅमलाही जमत नाही!

एकदम मोठ्या यंत्राला हात न घालण्याचा शहाणपणा नरसिंहन यांनी दाखवला. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र बांधून जोडणी तपासली गेली. ते १९५६ मध्ये चालू लागले आणि मगच पूर्ण संगणकाचे काम सुरू झाले. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक, म्हणजे रेझिस्टर, असा त्याचा पसारा होता. लोखंडी सांगाड्याची लांबी १८ फूट, उंची ८ फूट. दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंना दारे. आलेख आणि अक्षरे दाखवणारा चित्रनलिकेचा पडदाही त्याला जोडण्यात आला. त्या काळी ही चैनच म्हणायची. १९६० मध्ये यंत्र रीतसर कार्यान्वित झाले. ‘टिफ्रॅक’ हे नाव त्याला पंडित जवाहरलाल नेहरूंनी दिले.

येथे यशाच्या कथेला एक बोच आहे. भाग निवडल्यापासून यंत्र पूर्ण होईपर्यंत पाच वर्षे गेली आणि तेवढ्यात जग पुढे सरकले. १९५९ मध्ये आयबीएमने ट्रान्झिस्टरवर चालणारे १४०१ आणि ७०९० हे संगणक बाजारात आणले. भारताचा नवा कोरा संगणक जन्मतःच एक पिढी जुना ठरला. स्मृतीची निवड टिकली, व्हॉल्व्हची नाही. १९५५ मधली परिस्थिती पाहता दुसरा निर्णय शक्य होता असे वाटत नाही. दिरंगाईचा हिशेब मात्र राहतोच. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० हा शक्तिशाली संगणक आला आणि पुढच्याच वर्षी टिफ्रॅकने विश्रांती घेतली. तोवर शून्य आणि एकाच्या भाषेत आज्ञा लिहून संशोधकांनी त्याच्याकडून भरपूर काम करून घेतले होते.

नरसिंहन या यंत्रात अडकून पडले नाहीत. १९६१ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात गेले आणि चित्रांतील आकृत्या संगणकाला कशा ओळखता येतील, या प्रश्नाकडे वळले. आकृतीलाही भाषेसारखे व्याकरण असते, ही त्यांची मांडणी या शाखेत पायाभूत मानली जाते. परतल्यावर ते १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. १९७५ मध्ये कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजेच सीएमसी, या सरकारी कंपनीच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीच्याच अभियंत्यांनी सांभाळली.

१९७७ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष यंत्रांपेक्षा माणसाकडे अधिक होते. मूल बोलायला कसे शिकते आणि त्या प्रक्रियेचे प्रारूप मांडता येईल का, यावर ते लिहीत राहिले. ३ सप्टेंबर २००७ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.