पायांना वाट सांगणारी लादी : सेइइची मियाके

मेट्रोच्या फलाटावर आपण उभे असतो, तेव्हा कडेलगत उठावदार ठिपक्यांची पिवळी लादी दिसते. आपल्यापैकी अनेकांना ती शोभेची वाटते. तिच्यामागे सेइइची मियाके या जपानी गृहस्थाचे आयुष्य उभे आहे, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते.

मियाके यांचा जन्म १९२६ साली ओकायामा प्रांतात झाला. ते अभियंता नव्हते. प्रवाशांसाठी निवासगृह चालवीत. १९६३ साली पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका व्यक्तीच्या अगदी जवळून मोटार भरधाव गेल्याचे त्यांनी पाहिले आणि ते अस्वस्थ झाले. त्यांचे स्नेही हिदेयुकी इवाहाशी यांची दृष्टी मंदावत चालली होती. शेवाळ कोठे संपते आणि माती कोठे सुरू होते हे बुटाच्या तळव्यातूनही कळते, असे इवाहाशींकडून समजले आणि मियाके यांना दिशा सापडली. १९६५ साली सिमेंटची उठावदार लादी तयार झाली.

१८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळील महामार्गावर, रस्ता ओलांडण्याच्या जागी, अशा २३० लाद्या बसविण्यात आल्या. मात्र पुढे मागणी येईना. मियाके पदरमोड करीत राहिले, गावोगावी लाद्या विनामूल्य पाठवीत राहिले. व्यवहारी माणसाने हा उद्योग केव्हाच सोडला असता! १९७० साली ओसाकातील एका रेल्वे स्थानकात त्या बसल्या आणि हळूहळू जपानभर पसरल्या.

या लाद्यांची भाषा सोपी आहे. लांब रेषा म्हणजे पुढे चला. गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे जिना, रस्ता किंवा फलाटाची कड आहे. पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी असतो. ही भाषा चुकली तर धोका वाढतो. आपल्याकडे काही पदपथांवर ही रेषा थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळते, कोठे तिच्यावर दुचाकी उभी असते. काठीच्या आधारे चालणाऱ्याने तेथे कोणावर विश्वास ठेवावा?

मियाके यांचे निधन १९८२ साली झाले. या लाद्यांसाठी जपानचे राष्ट्रीय मानक २००१ मध्ये व आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले. ते पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. ओकायामाच्या त्या चौकात आता त्यांच्या कार्याचे स्मारक आहे.