राजा रविवर्मा : भिंतीवरून दिलेली शिकवण

चित्र ही केवळ भिंतीची शोभा नसते. ते शिकवतही असते. ज्या समाजाला शाळेची दारे बंद होती, त्याला चित्र हीच पोथी होती. म्हणून राजा रविवर्मांचे चरित्र आपणही तपासले पाहिजे.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरातील किळिमानूर येथे, राजघराण्याशी सोयरिक असलेल्या कुटुंबात झाला. युरोपात दाविदसारख्या चित्रकारांनी ग्रीक-रोमन कथांतून कर्तव्याचे व त्यागाचे धडे रंगविले होते. रविवर्मांनी युरोपीय तैलचित्रांची शैली आत्मसात केली आणि ती पुराणांना लावली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करून घेतली. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून देवदेवता गावोगाव पोहोचल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात देव कागदावरून शिरला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा वारले.

त्यांचे कौशल्य वादातीत आहे. प्रश्न बोधाचा आहे. त्यांनी हरिश्चंद्र-तारामती रंगविले. कथेचा बोध सत्यवचनाचा. पण राजाच्या विटंबनेची परमावधी कोणती? चांडाळाची चाकरी व स्मशानाची राखण! राजाने ती काही काळ केली तर सत्त्वपरीक्षा; ज्यांच्या माथी ती पिढ्यान् पिढ्या मारली, त्यांच्या सत्त्वाचे काय? मार्कंडेय पुराणात तर तो चांडाळही वेष पालटलेला धर्मदेवच निघतो. म्हणजे खऱ्या चांडाळाला या कथेत जागाच नाही.

रविवर्मांच्या छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये हीच कथा पडद्यावर आणली. त्याच वर्षी त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले. एकाच राजाश्रयातून पुराणांची चित्रेही निघाली आणि पुराणांची चिकित्सा करणारा महामानवही घडला!

१९५४ मध्ये बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. ते हरले. पण दोनच वर्षांनी, रविवर्मांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि विदर्भातील आपल्या वस्त्यांनी देव्हारे रिकामे केले. त्या भिंतींवर बुद्ध आणि बाबासाहेब आले.

तथापि, तसबीर बदलली म्हणजे काम संपले असे नव्हे. जुन्या चित्राने नमस्कार करायला शिकविले. नव्या चित्रासमोरही आपण नुसता नमस्कारच करणार असू, तर बदलली ती फक्त चौकट. बाबासाहेबांच्या हातात पुस्तक आहे, ते वाचण्यासाठी!