उकळता येत नाही, मग जंतू मारायचे कसे? जोसेफ लिस्टरची गोष्ट

प्लाझ्मा वापरून टिश्यू, म्हणजे शरीरातल्या ऊती, निर्जंतुक कशा करतात हे समजून घ्यायला बसलो आणि पोचलो थेट १८६८ सालात, मेंढीच्या आतड्यापाशी! तिथे भेटला जोसेफ लिस्टर. लिस्टरिन माउथवॉशला ज्याचं नाव दिलंय, तोच. माउथवॉश मात्र त्याने बनवला नव्हता.

लिस्टरचा जन्म ५ एप्रिल १८२७चा, इंग्लंडमधल्या अप्टनचा. वडिलांनी मायक्रोस्कोपच्या भिंगांमध्ये मोठी सुधारणा केली होती, त्यामुळे बारीक बघायची सवय घरातूनच लागली. लंडनला शिकून १८६० मध्ये तो ग्लासगोला सर्जरीचा प्रोफेसर झाला.

तेव्हा भूल देता येत होती. पेशंट ऑपरेशनमधून वाचायचा आणि नंतर वॉर्डात जखम सडून जायचा. खराब हवेमुळे असं होतं, असा समज होता. लिस्टरने पाश्चरचं काम वाचलं आणि त्याला पटलं, की सडण्यामागे जंतू आहेत. पण उकळून जंतू मारता येत असले, तरी जिवंत माणसाची जखम उकळणार कशी?

कार्लाइल शहरात सांडपाण्याचा वास घालवायला कार्बोलिक ॲसिड वापरत होते. लिस्टरने तेच उचललं. १२ ऑगस्ट १८६५ रोजी पायावरून गाडीचं चाक गेलेल्या एका मुलाच्या जखमेवर त्याने ते लावलं. पाय वाचला. हात-पाय कापण्याच्या त्याच्या ऑपरेशन्समध्ये आधी ३५ पैकी १६ पेशंट दगावले होते. नंतर ४० पैकी ६.

आता येतो आपला मुद्दा. रक्तवाहिनी बांधायला तेव्हा रेशमी किंवा तागाचा धागा वापरायचे. त्याचं टोक जखमेबाहेर लोंबत ठेवायचे आणि तिथून पू व्हायचा. लिस्टरला शरीरात आपोआप विरघळणारा धागा हवा होता. म्हणून त्याने कॅटगट घेतला. नावात मांजर असलं तरी हा धागा मेंढीच्या आतड्याचा! तो उकळला तर वाया जाणार. म्हणून कार्बोलिक ॲसिडच्या द्रावणात भिजवला आणि १८६८च्या अखेरीस एका वासराच्या रक्तवाहिनीवर वापरून पाहिला. धाग्याच्या जागी वासराचीच नवी ऊती तयार झाली होती.

पहिलं व्हर्जन परफेक्ट नव्हतं. धागा लवकर विरघळायचा, म्हणून पुढे त्याने क्रोमिक ॲसिड वापरलं. ऑपरेशनच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारायची पद्धतही त्यानेच आणली होती. तिची गरज नाही हे कळल्यावर १८९० मध्ये ती चूक त्याने जाहीरपणे मान्य केली. मला त्याचा हाच गुण सगळ्यात आवडतो. १० फेब्रुवारी १९१२ला तो गेला.

त्याचा प्रश्न मात्र अजून आहे: जंतू मरावेत, पण ऊती टिकावी. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ असते. त्यात ऊतीतलं प्रोटीन बिघडतं. मुंबईत टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत यासाठी गॅमा किरण वापरतात. कोल्ड प्लाझ्मा हा नवा पर्याय. यात विजेच्या जोरावर वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते प्रचंड ऊर्जेचे असतात, पण वायू एकूण थंडच राहतो. त्यातून तयार होणारे क्रियाशील कण जंतूंवर तुटून पडतात. हॉस्पिटलमधली उष्णता न सोसणारी उपकरणं आज हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्लाझ्माने निर्जंतुक होतात. ऊतींसाठी संशोधन चालू आहे. तिथेही डोस जास्त झाला, तर ऊतीलाच इजा होते. लिस्टर ॲसिड किती वापरायचं हे ठरवत होता, तसंच आज प्लाझ्मा किती सेकंद मारायचा हे ठरवावं लागतं.